कॅन्सर शरीरात कसा पसरतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे रुग्णांच्या गाठीतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांचे (बायोप्सीचे) रिपोर्ट माझ्या हातून लिहिले जातात आणि ते घरी पोहोचल्यावर नातेवाइकांचे प्रश्नही माझ्याकडेच येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले ते इथे एकत्र केले आहेत. महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री, गुटखा आणि खर्रा यांमुळे तोंडाचा कॅन्सर घरोघरी माहीत आहे, त्यामुळे बरीच उदाहरणे त्याचीच आहेत. उपचार मात्र ज्याचा त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

१. कॅन्सर ‘पसरला’ असे डॉक्टर म्हणतात तेव्हा नेमके काय झालेले असते?

या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे गाठ जागच्या जागी वाढत शेजारच्या भागात शिरते. गालाच्या आतल्या अस्तरात सुरू झालेला कॅन्सर जबड्याच्या हाडात, मागे चावण्याच्या स्नायूंत आणि बाहेर गालाच्या कातडीपर्यंत पोहोचतो, आणि मग रुग्णाचे तोंड दोन बोटेही उघडत नाही. दुसरी म्हणजे गाठीतल्या पेशी जवळच्या लसीका ग्रंथींत (ऊतींमधले पाणी गाळणाऱ्या लहान गाठींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये) जातात: तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत, स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेत. तिसरी म्हणजे पेशी दूरच्या अवयवात, फुफ्फुसात, यकृतात, हाडात किंवा मेंदूत जाऊन तिथे नवी गाठ धरतात. वैद्यकात यालाच मेटास्टॅसिस म्हणतात. वॉर्डात सगळे ‘सेकंडरी’ म्हणतात.

या तिन्हींचे उपचार वेगळे आणि पुढचे भवितव्यही वेगळे. म्हणून ‘पसरला आहे’ एवढेच ऐकून घरी परतू नये. कुठे, कोणत्या वाटेने आणि किती, हे तिथल्या तिथे विचारून कागदावर लिहून घ्यावे, कारण घाबरलेल्या मनाला नंतर काही आठवत नाही.

२. अंगावर चरबीच्या गाठी वर्षानुवर्षे असतात, त्या पसरत नाहीत. मग कॅन्सरचीच गाठ का पसरते?

चरबीची गाठ वाढते, पण आपली हद्द ओलांडत नाही. निरोगी अस्तरातल्या पेशी एकमेकींना विशिष्ट प्रथिनांनी घट्ट धरून असतात आणि त्यांच्याखाली एक पातळ आधारपटल असते, ज्याच्या पलीकडे जाण्याची त्यांना मुभा नसते. कॅन्सरच्या पेशींत जनुकीय बिघाड साचत जातात, तशी ही एकमेकींवरची पकड सैल होते, आधारपटल विरघळवणारे पाचक पदार्थ त्या तयार करू लागतात आणि पेशी सुटून खालच्या भागात सरकू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे अगदी स्पष्ट दिसते: वर अस्तराचा सलग पट्टा, आणि खाली, जिथे एकही अस्तराची पेशी असायला नको, तिथे त्यांचे सुटे पुंजके, मध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखी गुलाबी वलये.

आधारपटल शाबूत असेल तोवर तो कॅन्सर पसरू शकत नाही, कारण रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या त्या पटलाच्या खाली असतात. खाली उतरल्यावर किती मिलिमीटर उतरला याला महत्त्व येते. तोंडाच्या कॅन्सरच्या रिपोर्टात ‘खोली’ म्हणून एक आकडा असतो. ५ आणि १० मिलिमीटर या दोन मर्यादांवर त्या गाठीचा टप्पा बदलतो. गाठ वरून लहान दिसते म्हणून निर्धास्त राहता येत नाही, ते यामुळेच.

३. एकदा पेशी रक्तात गेल्या म्हणजे कॅन्सर सगळ्या अंगभर झाला का?

नाही, आणि हे उत्तर मी दर वेळी जरा सविस्तर देते, कारण लोकांची सगळ्यात मोठी भीती इथेच असते. रक्तात कॅन्सरच्या पेशी सापडतात हे १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील थॉमस अॅशवर्थ यांनी नोंदवून ठेवले होते. पण रक्तात असणे आणि रुजणे यांत फार मोठे अंतर आहे. आधी पेशीला वाहिनीच्या भिंतीतून आत घुसावे लागते. आत रक्ताच्या प्रवाहाचा मारा असतो आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी तिला शोधत असतात. पुढे केसासारख्या बारीक केशवाहिनीत ती अडकते, कारण तिचा आकार बहुधा त्या वाहिनीहून मोठा असतो. तिथून भिंत भेदून बाहेर पडायचे, परक्या जागी तग धरायचा, आणि त्यानंतरही काही मिलिमीटरच्या पुढे वाढायचे तर स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून आणायच्या. या शेवटच्या गरजेकडे जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये लक्ष वेधले आणि त्यातूनच पुढे गाठीचा रक्तपुरवठा तोडणारी औषधे आली.

आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये उंदरांच्या रक्तात खूण केलेल्या कॅन्सरपेशी सोडून मोजल्या, तेव्हा २४ तासांनंतर हजारात एकसुद्धा जिवंत उरली नव्हती आणि ज्यांनी गाठ धरली त्या दहा हजारांत एकाहूनही कमी होत्या. म्हणजे शरीर सहजासहजी हार मानत नाही. मात्र गाठ मोठी असेल आणि रोज असंख्य पेशी सुटत असतील, तर इतक्या कमी प्रमाणातूनही एखादी टिकतेच; उपचारात दिवस घालवू नयेत असे डॉक्टर सांगतात त्यामागे हा हिशेब आहे.

४. कॅन्सर आधी मानेतल्या किंवा काखेतल्या गाठींतच का जातो?

पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. अवधाण म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. ऊतींमधले जास्तीचे पाणी लसीकावाहिन्यांतून गोळा होते, या ग्रंथींमधून गाळले जाते आणि शेवटी गळ्याच्या बुडाशी मोठ्या शिरेत परत रक्ताला मिळते. या वाहिन्यांच्या भिंती रक्तवाहिन्यांपेक्षा सैल असतात, म्हणून सुटलेल्या पेशीला तिथे शिरणे सोपे जाते आणि वाटेतल्या पहिल्या गाळणीत ती अडकते. कॅन्सरची ग्रंथी आणि अवधाण यांत फरक असा, की अवधाण दुखते आणि पायाची जखम बरी झाली की ओसरते. कॅन्सरची ग्रंथी बहुधा दुखत नाही, हाताला टणक लागते आणि आठवड्यांमागून आठवडे वाढत राहते. न दुखणारी गाठ निरुपद्रवी असते, हा समज म्हणूनच घातक आहे.

मानेच्या ऑपरेशनमधून काढलेला चरबीचा भाग आमच्या टेबलावर येतो तेव्हा त्यातून एकेक ग्रंथी बोटांनी चाचपून वेगळी करावी लागते. निरोगी ग्रंथी मऊ, फिकट गुलाबी, वालाच्या दाण्याएवढी असते. कॅन्सर गेलेली ग्रंथी कापताना सुरीला करकर लागते आणि आतून पांढरट, भुसभुशीत दिसते. किती ग्रंथी मिळाल्या, कितींत कॅन्सर आहे आणि तो ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे का, या तीन गोष्टी रिपोर्टात असतातच. आवरण फुटलेले असल्यास तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर रेडिएशनबरोबर केमोही देण्याचा विचार होतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये पहिली गाळणी कोणती हे निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून शोधता येते. ती स्वच्छ निघाली तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी सहसा काढाव्या लागत नाहीत आणि हात सुजण्याचा जन्माचा त्रास बराचसा वाचतो.

५. सोनोग्राफीत मान स्वच्छ आहे, तरी डॉक्टर मानेचेही ऑपरेशन करू म्हणतात. हे विनाकारण नाही का?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मुंबईतूनच मिळाले आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाचा सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर असलेले आणि मानेत काहीही न सापडलेले रुग्ण दोन गटांत विभागले. एका गटात तोंडाबरोबरच मानेच्या ग्रंथीही काढल्या. दुसऱ्या गटात मानेवर लक्ष ठेवले आणि गाठ उगवली तरच ऑपरेशन केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथीत काही हजार पेशी असल्या तरी त्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, त्या फक्त सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर दिसतात. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांतला हा फरक इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी चाचणी मला आठवत नाही.

६. रक्त आणि लसीका सोडून आणखी वाटा आहेत का?

आहेत. अंडाशयाचा कॅन्सर पोटाच्या पोकळीतच पेशी झाडतो, त्या आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या अस्तरावर रुजतात, आणि पोटात पाणी होऊन कंबरेचे कपडे घट्ट होऊ लागतात. तोंडाचा कॅन्सर कधीकधी नसेच्या आवरणाला धरून सरकतो. खालचा ओठ किंवा हनुवटी कारणाशिवाय बधिर झाली, तर ते दातांचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये.

७. ठरावीक कॅन्सर ठरावीक अवयवांतच का जातात?

काही अंशी हा वाहिन्यांचा नकाशा आहे. मोठ्या आतड्यातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते, म्हणून आतड्याचा कॅन्सर सर्वांत आधी यकृतात सापडतो. हाडे आणि स्नायू यांच्या सार्कोमा गटातील पेशी शिरांवाटे हृदयात आणि तिथून थेट फुफ्फुसांत पोहोचतात. मणक्याभोवतीच्या शिरांना झडपा नसल्यामुळे पुरुषांच्या मूत्राशयाखालील प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरपेशी तिथून पाठीच्या हाडांकडे चढू शकतात.

पण नुसत्या नकाशाने सगळे उलगडत नाही. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. त्यांत २४१ जणींच्या यकृतात कॅन्सर होता, प्लीहेत (स्प्लीनमध्ये) मात्र फक्त १७ जणींच्या, आणि प्लीहेला रक्त काही कमी मिळत नाही. बी वाऱ्याबरोबर कुठेही जाते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते, असे त्यांनी मांडले. शेती करणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. हाडाचे उदाहरण घ्या: तिथे पोहोचलेल्या स्तनाच्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात, झिजलेल्या हाडातून वाढीला पोषक द्रव्ये सुटतात आणि त्यांवर कॅन्सर आणखी वाढतो. हे चक्र तोडण्यासाठीच झोलेड्रॉनिक अॅसिडसारखी हाडाची इंजेक्शने देतात.

८. वडिलांना आतड्याचा कॅन्सर होता, आता लिव्हरचाही झाला म्हणतात. एका माणसाला दोन कॅन्सर कसे?

बहुतेक वेळा तो एकच कॅन्सर असतो. आतड्यातून यकृतात गेलेली पेशी आतड्याचीच राहते. काचपट्टीवरही ती यकृतासारखी दिसत नाही. म्हणून औषधेही आतड्याच्या कॅन्सरचीच चालतात. ‘लिव्हरचा कॅन्सर’ आणि ‘लिव्हरमध्ये गेलेला कॅन्सर’ हे दोन निरनिराळे आजार आहेत आणि घरात बोलतानाही हा भेद पाळलेला बरा.

अपवाद तंबाखू खाणाऱ्यांचा. वर्षानुवर्षे एकच विष लागून तोंडाचे, घशाचे आणि अन्ननलिकेचे सबंध अस्तर बिघडलेले असते. त्यामुळे काही वर्षांनी दुसऱ्या जागी उगवलेली गाठ ही पहिल्याचा प्रसार नसून खरोखरच नवा कॅन्सर असू शकते. असा नवा कॅन्सर लवकर सापडल्यास तो बरा होण्यासारखा असतो, म्हणून ‘पसरला’ असे परस्पर ठरवून टाकू नये.

९. रिपोर्टात स्टेज ४ लिहिले आहे. म्हणजे आता काही उरले नाही का?

स्टेजचा अर्थ प्रत्येक अवयवाच्या कॅन्सरमध्ये वेगळा असतो. स्तनाच्या किंवा फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज म्हणजे मूळ जागेपासून दूर झालेला प्रसार. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र चौथ्या स्टेजचे अ, ब आणि क असे भाग आहेत, आणि दूरचा प्रसार फक्त ‘क’ मध्ये येतो. जबड्याच्या हाडात शिरलेली गाठ, जिचा फुफ्फुसाशी वा यकृताशी काही संबंध नाही, तीही ‘४ अ’ ठरते आणि तिचे ऑपरेशन बरे करण्याच्याच हेतूने केले जाते. पुढचे अक्षर न वाचता उपचार सोडून गावी परत गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि ते आठवले की अजूनही जीव तुटतो.

याच्या उलट थायरॉइडचे उदाहरण आहे. त्याच्या नेहमीच्या दोन प्रकारांत रुग्ण ५५ वर्षांखालचा असेल, तर फुफ्फुसात प्रसार झालेला असला तरी स्टेज दोनच धरली जाते.

१०. तुकडा काढला किंवा ऑपरेशनमध्ये हवा लागली की कॅन्सर उधळतो, हे खरे आहे का?

हवेने कॅन्सर पसरत नाही. हा समज पसरण्याचे कारण असे, की पूर्वी पोट उघडल्यावर आत आधीच पसरलेला कॅन्सर दिसे, काही न काढता पोट पुन्हा शिवावे लागे आणि रुग्ण थोड्याच दिवसांत जाई. लोकांनी दोष चाकूला दिला. बायोप्सीने पेशी वाटेत रुजण्याचा धोका बहुतेक कॅन्सरमध्ये इतका अल्प आहे, की निदानाशिवाय राहण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा ठरतो.

तरीही काही ठिकाणी सुई टाळतात आणि ते खुद्द डॉक्टरच टाळतात. वृषणाच्या गाठीला बाहेरून सुई घालत नाहीत, लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरमध्ये तुकडा घेत नाहीत, आणि अंडाशयापुरती मर्यादित संशयास्पद गाठ न फोडता अखंड काढण्याचा प्रयत्न करतात.

ऑपरेशनच्या वेळी काही पेशी सुटू शकतात, या शक्यतेचा अभ्यासही भारतात झाला आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६०० स्त्रियांच्या चाचणीत निम्म्या जणींना स्तनाच्या ऑपरेशनच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन हे बधिर करणारे साधे औषध टोचले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी त्यांतल्या ९०.१ टक्के हयात होत्या, तर न टोचलेल्यांतल्या ८६.४ टक्के. औषधाची किंमत पाहता ही फार मोलाची भर आहे.

गाठ चोळणे, तिच्यावर गरम विटेचा शेक घेणे, डाग देणे किंवा पिळणे मात्र कधीही करू नये. याने गुण येत नाही, जखम होते आणि आठवडे फुकट जातात.

११. पेट स्कॅनमध्ये ठिकठिकाणी चमकले आहे. तो सगळा कॅन्सर समजायचा का?

या स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि जिथे ती जास्त खर्च होते तो भाग चमकतो. मेंदू नेहमीच चमकतो, आणि ती साखर लघवीवाटे जात असल्याने मूत्राशयही. याशिवाय भरत आलेली जखम, नुकतीच लस घेतलेल्या हाताची काख आणि आपल्या देशात विशेषतः क्षयाच्या ग्रंथी चमकतात. छातीतल्या चमकणाऱ्या ग्रंथीमुळे सेकंडरी समजलेल्या आणि तुकडा तपासल्यावर क्षय निघालेल्या काचपट्ट्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यामुळे उपचाराची दिशाच बदलणार असेल, तर शंकेच्या जागेचा तुकडा घ्यावा का, हे अवश्य विचारावे. उलट बाजूनेही सावध राहावे: अगदी बारीक ठिपके स्कॅनमध्ये सुटू शकतात, जसे प्रश्न ५ मध्ये सोनोग्राफीबाबत सांगितले आहे.

१२. सगळे काढून टाकले होते, मग इतक्या वर्षांनी तो कुठून आला?

ऑपरेशनच्या आधीच काही पेशी दूर जाऊन बसलेल्या असू शकतात आणि त्या न वाढता, न मरता वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर पंधरा-वीस वर्षांनीही हाडात उगवू शकतो, म्हणून हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या पाच, कधी दहा वर्षे चालू ठेवतात. बरे वाटते म्हणून मध्येच बंद करू नयेत. तोंडाचा कॅन्सर परतणार असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, त्यामुळे त्या काळातल्या तपासण्या जवळजवळच्या असतात.

कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची पाठ सतत दुखू लागली, पडून राहिल्यावर जास्त दुखू लागली, पायांतली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असेल तर वेळेवर दिलेल्या स्टेरॉइड, रेडिएशन किंवा ऑपरेशनने माणूस चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत मिळवणे कठीण असते.

१३. पसरलेला कॅन्सर कधी बरा होतो का?

काही होतात. वृषणाचा कॅन्सर फुफ्फुसात गेल्यावरही सिसप्लॅटिनवर आधारलेल्या केमोने बहुतांश तरुण बरे होतात. आतड्यातून यकृतात गेलेल्या मोजक्या गाठी काढता आल्या तर काही जण कायमचे बरे होतात. थायरॉइडच्या फुफ्फुसातल्या गाठींना किरणोत्सारी आयोडीन लागू पडते. बाकी पुष्कळ कॅन्सर या टप्प्यावर समूळ जात नाहीत, पण मधुमेहासारखे काही वर्षे ताब्यात ठेवता येतात. रक्ताच्या कॅन्सरला हा प्रश्नच लागू होत नाही, कारण रक्त पहिल्यापासूनच सगळीकडे असते. त्याचे गट वेगळ्या कसोट्यांवर पाडतात.

१४. ताटात जेवल्याने किंवा जवळ झोपल्याने घरातल्यांना लागण होते का?

होत नाही. दुसऱ्याच्या अंगातून आलेली पेशी आपले शरीर परकी म्हणून ओळखते आणि मारते. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू मात्र माणसांत पसरतात आणि त्यांतून पुढे कॅन्सर होऊ शकतो. दोन्हींवर लस उपलब्ध आहे. रुग्णाचे ताट वेगळे करू नये.

१५. सेकंडरी सापडली, पण मूळ कॅन्सर कुठला ते सापडतच नाही. असे होऊ शकते का?

होते. मूळ गाठ कधी फार लहान राहते, कधी टॉन्सिलच्या खाचेत दडलेली असते आणि रुग्ण मानेतल्या गाठीमुळेच प्रथम येतो. अशा वेळी आम्ही पेशींवर वेगवेगळी रंगद्रव्ये घालून त्यांचे मूळ घर शोधतो आणि बऱ्याचदा अवयव नाही, तरी निदान गट सांगता येतो. पूर्वी कधी कॅन्सरचे ऑपरेशन झाले असेल, भले दहा वर्षांपूर्वी आणि दुसऱ्या गावी, तर त्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक (तुकडा ज्यात जपून ठेवतात त्या मेणाच्या वड्या) आणि काचपट्ट्या जिथे तपासणी झाली तिथून लेखी अर्ज करून मागून आणाव्यात. जुनी आणि नवी काचपट्टी शेजारी ठेवली की अनेकदा उत्तर तिथेच मिळते. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, मेण वितळते. डबीवर नाव आणि वर्ष लिहून थंड, कोरड्या जागी ठेवावेत.